डब्ल्यूबीएममधला एम

मंडळी, आधीच कबूल करते, माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. शाळेत मराठी ही आमची तिसरी भाषा, आणि निबंध म्हटला की माझा आवडता सण नाहीतर पावसाळ्यातील एक दिवस, याच्या पुढे आमची गाडी कधी गेलीच नाही. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर पोटात घाला. हा लेख मी इंग्लिश विभागात सहज देऊ शकले असते. पण मेसच्या मावशींना मी शब्द दिला होता की रस्त्याबद्दल जे काही लिहीन ते त्यांना वाचून दाखवीन. मग इंग्लिशमध्ये लिहून काय उपयोग?

रस्ता कुठला, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. मेसच्या मागच्या दारापासून गेटपर्यंतचा, जेमतेम साठ-सत्तर मीटरचा. दर जूनमध्ये तो खचतो, घोट्याच्या वर पाणी साचतं, मग कोणीतरी ट्रॉलीभर मुरूम आणून ओततं. आठवडाभर रस्ता बरा दिसतो आणि पुढच्या पावसात त्या मुरमाचा चिखल होतो. गेल्या जुलैमध्ये त्या चिखलात पाय घसरून मावशी पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. दीड महिना प्लॅस्टर. त्या दीड महिन्यात पोळ्या कशा होत्या ते आपल्या सर्वांना आठवत असेलच!

त्याच सेमिस्टरला आमच्या ग्रुपला मिनी प्रोजेक्ट मिळाला. शेजारी होऊ घातलेल्या नव्या हॉस्टेल इमारतीसाठी साइट ड्रेनेज आणि पेव्हमेंट डिझाइनच्या शिफारशी करायच्या होत्या. आम्ही चौघं जोरात कामाला लागलो. इथली माती काळी, म्हणजे पावसात फुगणारी आणि उन्हात भेगा पडणारी. सीबीआर काढला, कोडमधले तक्ते पाहिले आणि खाली सोलिंग, त्यावर डब्ल्यूबीएम, त्यावर डांबरी थर असा अर्ध्या मीटरहून जाड रस्ता कागदावर उभा केला. रंगीत क्रॉस सेक्शन, स्पायरल बाइंडिंग, सगळं झकास. रिव्ह्यूला गाइड मॅडमनी पानं उलटली आणि एवढंच विचारलं की गच्चीवरचं पाणी पाइपातून खाली आलं की पुढे कुठे जाणार? आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बसलो. ड्रेनेजचं एक पान होतं अहवालात. त्यात, योग्य त्या ठिकाणी गटारे बांधावीत, एवढंच एक वाक्य होतं. मॅडमनी फाइल मिटली आणि डब्ल्यूबीएममधला एम कोण होता ते वाचून या, असं सांगून आमची बोळवण केली.

एम म्हणजे मॅकॅडम, इतपत माहीत होतं. पण मॅकॅडम हा हाडामांसाचा माणूस होता हे, खरं सांगते, थर्ड इयरपर्यंत माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं. डब्ल्यूबीएम, डब्ल्यूएमएम, बीएम, डीबीएम... आपण सिव्हिलवाले दिवसातून दहा वेळा त्याचं नाव घेतो, आणि ते खडीच्या एखाद्या जातीचं नाव असावं असं धरून चालतो.

तर, जॉन लाउडन मॅकॅडम. (इंग्लिशमध्ये सगळेच ही, त्यामुळे मी त्याला अरेतुरेच करणार आहे. वाचणाऱ्यांनी मनातल्या मनात मान द्यावा.) जन्म २१ सप्टेंबर १७५६, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एअर या गावी. घराणं जमीनदारांचं, पण वाडा जुना आणि खिसा रिकामा असा प्रकार. तो लहान असतानाच राहतं घर आगीत जळालं. शाळा मेबोल नावाच्या जवळच्या गावात. शाळेत असताना त्याने तिथल्या एका रस्त्याचं छोटं मॉडेल बनवलं होतं असं सांगतात. पण थोर माणसांच्या लहानपणच्या अशा गोष्टी नंतर आठवल्या जातात, असा माझा संशय आहे.

१७७० मध्ये वडील गेले. जॉन तेव्हा चौदाचा. त्याला थेट न्यूयॉर्कला, व्यापारी काकांकडे पाठवून दिलं. आपल्याकडे आईवडील वारल्यावर पोराला मुंबईच्या काकांकडे धाडतात तसंच, फक्त मधे अटलांटिक महासागर! काकांच्या पेढीवर तो व्यापार शिकला. पुढे अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. मॅकॅडम इंग्लंडच्या राजाच्या बाजूचा. युद्धात पकडलेल्या जहाजांवरचा माल विकून देणारा एजंट म्हणून त्याने भरपूर पैसा केला. लढाईवर पैसे कमावणाऱ्या माणसाबद्दल मला काही फार प्रेम वाटत नाही, पण आहे ते आहे. १७७८ मध्ये त्याने लाँग आयलंडच्या ग्लोरियाना निकॉलशी लग्न केलं. १७८३ मध्ये इंग्रज हरले, न्यूयॉर्क सोडावं लागलं आणि मालमत्तेचा बराच भाग तिथेच टाकून तो बायको-मुलांसह स्कॉटलंडला परतला. वय वर्षं २७. रस्त्याशी अजून काडीचाही संबंध नाही.

उरलेल्या पैशांतून त्याने मेबोलजवळ सॉख्री नावाची इस्टेट घेतली आणि जमीनदार झाला. जमीनदार म्हणून तो तिथल्या टोलरस्त्यांचा ट्रस्टी झाला, आणि इथून गोष्ट सुरू होते.

टोल आपल्याला माहीत आहेच. त्या काळी ब्रिटनमध्ये संसदेच्या कायद्याने स्थानिक मंडळींचे ट्रस्ट नेमले जायचे. त्यांनी नाका उभारायचा, घोडागाड्यांकडून पैसे घ्यायचे आणि त्यातून रस्ता नीट ठेवायचा. पैसे नियमित घेतले जायचे. रस्ता नीट ठेवण्याचं मात्र अवघड होतं (हेही ओळखीचं वाटत असेल). रस्त्यावर देखरेख करणारा सर्व्हेअर म्हणजे बहुतेक वेळा ज्याला दुसरं काम नाही असा कोणीतरी. चाकोरी पडली की त्यात तो गोटे टाकणार, वर माती टाकणार, जवळच्या शेतातला चुनखडीचा चुरा टाकणार. गोलगोटे चाकाखाली गरगर फिरायचे, एकमेकांत कधी अडकायचेच नाहीत. पाणी काढायचं म्हणून रस्त्याची पाठ इतकी उंच करायचे की गाड्या उलटायच्या, म्हणून सगळे गाडीवाले अगदी मधूनच जायचे, आणि मग मधोमध दोन खोल चाकोऱ्या. त्या चाकोऱ्यांतून पाणी वाहण्याऐवजी साचायचं. म्हणजे पाणी काढायला केलेली उंचीच पाणी अडवायची.

मॅकॅडमकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. त्या वेळी ब्रिटनमध्ये सिव्हिल शिकवणारं कॉलेजच नव्हतं म्हणा! त्याच्याकडे व्यापाऱ्याची नजर होती. एवढे पैसे जातात, एवढा दगड पडतो, तरी रस्ता वाईट का, हा त्याचा प्रश्न. हिशोब लागत नाही म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि ती शोधायची, बस.

मधल्या काळात अजून एक गंमत. त्याच भागात मुअरकर्क इथे दगडी कोळशापासून डांबर काढण्याचा कारखाना निघाला होता, लॉर्ड डंडोनल्ड यांच्या पेटंटवर. मॅकॅडम त्या धंद्यात शिरला. डांबर कशासाठी, तर जहाजांच्या तळाला फासायला. त्यात काही त्याचं नशीब फळफळलं नाही. पण बघा, पुढे ज्याच्या नावाला डांबर कायमचं चिकटणार होतं त्या माणसाने डांबराचा कारखाना चालवला, आयुष्यभर रस्ते केले, आणि रस्त्यावर डांबराचा एक थेंब टाकला नाही!

१७९८ मध्ये तो इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला फाल्मथ बंदरात आला. काम नौदलाच्या जहाजांना अन्नधान्य पुरवण्याचं. तिथून पुढे ब्रिस्टल. पण डोक्यातला किडा रस्त्याचाच. पुढची कितीतरी वर्षं तो स्वखर्चाने ब्रिटनभर रस्ते बघत हिंडला. सुमारे ३०,००० मैल प्रवास आणि पदरचे ५,००० पौंडांहून जास्त खर्च, असा त्याचा हिशोब आहे. व्यापारी असल्यामुळे तो हिशोब नीट ठेवायचा, आणि नंतर संसदेकडून भरपाई मागायलाही लाजला नाही. मला हे आवडलं. आपल्याकडे थोर माणसाने पैसे मागितले की त्याचा थोरपणा कमी होतो असं का वाटतं कोण जाणे.

जानेवारी १८१६ मध्ये ब्रिस्टलच्या टोल ट्रस्टने त्याला मुख्य सर्व्हेअर नेमलं. वय ५९! आपल्याकडे निवृत्तीची पार्टी होऊन जाते त्या वयात त्याच्या हातात पहिल्यांदा स्वतःच्या मनासारखा रस्ता करायची संधी आली. त्याच वर्षी त्याने रस्तेबांधणीच्या चालू पद्धतीवर एक छोटं पुस्तक काढलं, १८१९ मध्ये दुसरं.

आता त्याचं म्हणणं. मी ते तीनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाटलं की यात काय विशेष?

तो म्हणतो की गाडीचं वजन शेवटी पेलते ती खालची मूळ जमीन, वरचा दगड नव्हे. जमीन कोरडी असेल तर ती कितीही वजन घेते. ओली झाली की वर कितीही जाड थर असो, तो खाली बसणारच. मग वरचा दगडाचा थर कशाला? तर दोन कामांसाठी. चाकाची झीज सोसायला, आणि जमिनीवर छप्पर म्हणून. छप्पर! आम्ही रस्त्याला पाया समजत होतो, त्याने त्याला छप्पर मानलं. घरात पाणी गळतं म्हणून कोणी फरशी जाड करत नाही, कौलं बघतात.

बाकी सगळं या एका गोष्टीतून निघतं. रस्ता आजूबाजूच्या पाण्याच्या पातळीहून वर हवा. जमीन खोदून चर करायचा आणि त्यात दगड भरायचा, हे त्याला अजिबात मान्य नव्हतं, कारण मग त्या चरात पाणी भरतं, आणि आपण आपल्या हाताने रस्त्याखाली एक टाकी बांधून ठेवतो. पाणी उतरत नसेल तर बाजूचे चर खोल करा, किंवा रस्ता उचला. आधी निचरा, मग खडी. उतार अगदी बेताचा, १८ फूट रस्त्याला मधे ३ इंच. आपल्या पुस्तकात मॅकॅडम पद्धतीचा उतार ३६ ला १ दिलाय तो हाच, भागून बघा. जाडी सगळी मिळून १० इंच, म्हणजे २५ सेंटिमीटर, तीही थराथराने.

आणि खडी. फोडलेली, टोकदार, एकसारखी, धुतल्यासारखी स्वच्छ. कुठलाही तुकडा ६ औंसांहून, म्हणजे साधारण १७० ग्रॅमहून जड नको. गाड्यांच्या लोखंडी धावा रुंद असायच्या, तुकडा त्यापेक्षा बराच लहान असला की चाक त्याला उलटवू शकत नाही, उलट दाबून शेजारच्यात बसवतं. कोपऱ्यात कोपरा अडकतो आणि थर आपोआप घट्ट होतो. मुकादमांकडे वजनाचा छोटा तराजू असायचा. तराजू नसेल तर तुकडा तोंडात मावतो का बघा, असंही म्हणे सांगितलं जायचं. एकदा पाहणीला गेल्यावर मोठमोठे दगड दिसले, आणि विचारल्यावर कळलं की तो मजूर बोळका होता! ही गोष्ट खरी असेलच असं नाही, पण दोनशे वर्षं टिकून आहे.

खडीत माती, चिकणमाती, चुनखडी, काहीही मिसळायला त्याची सक्त मनाई होती. जे पाणी धरून ठेवतं ते रस्त्यात नको. इथे मी वाचायचं थांबून खिडकीबाहेर बघितलं. आमच्या खड्ड्यात त्याच दिवशी मुरमाची ट्रॉली रिकामी होत होती.

खडी फोडण्याची पद्धतही त्याने बदलली. पूर्वी धडधाकट माणसं उभी राहून मोठ्या घणाने दगड फोडत. मॅकॅडमने बसून, लहान हातोडीने फोडायला लावलं. त्यामुळे बायका, म्हातारी माणसं आणि मुलंसुद्धा हे काम करू लागली. नेपोलियनशी लढाई संपल्यावर इंग्लंडमध्ये बेकारी होती, म्हणून याचं कौतुक झालं. तीच बैठक आपल्याकडे रस्त्याच्या कडेला अजूनही कुठे कुठे दिसते, डोक्यावर पदर, पायाशी हातोडी आणि बाजूला झोळीत मूल. कौतुक करावं की नाही ते मला ठरवता येत नाही.

ब्रिस्टलमध्ये त्याने नवा दगड फारसा आणलाच नाही. जुना रस्ता काही इंच उकरला, त्यातले मोठे गोटे कडेला नेऊन फोडले, माती वेगळी केली, चर साफ केले आणि तीच खडी फावड्याने पातळ पसरली. वरून गाड्या जाऊ दिल्या आणि चाकोरी पडली की माणसांकडून दंताळ्याने बुजवून घेतली. रोलर नाही, पाणी नाही, काही नाही. रस्ते सुधारले आणि खर्चही आटोक्यात आला. व्यापाऱ्याला गळती सापडली होती.

त्याच काळात दुसरा एक स्कॉटिश माणूस रस्ते करत होता, टॉमस टेलफर्ड. मॅकॅडमहून एक वर्षाने लहान, गवंडीकाम करत करत वर आलेला, मोठमोठे पूल बांधणारा आणि १८२० मध्ये इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्सचा पहिला अध्यक्ष झालेला. टेलफर्ड खाली मोठे दगड हाताने उभे रचायचा, फटीत चिपा ठोकायचा आणि त्यावर बारीक खडी. फ्रान्समध्ये त्रेसागे या इंजिनिअरने त्याच्या आधीच असंच काहीसं केलं होतं. आपण साइटवर ज्याला सोलिंग म्हणतो ते याच घराण्यातलं. मॅकॅडमचं म्हणणं, हा खर्च फुकट. खालच्या मोठ्या दगडांच्या फटीत पाणी बसतं आणि वरची खडी त्या कठीण दगडावर आपटून लवकर झिजते. त्याने तर संसदेच्या समितीसमोर असंही सांगितलं की खाली खडक असण्यापेक्षा मऊ जमीन बरी. सॉमरसेटमधल्या दलदलीवरून त्याचे रस्ते गेले आणि तिथे खडी कमी झिजते असा त्याचा अनुभव होता. ऐकणाऱ्यांना तो वेडा वाटला असणार.

दोघांतलं कोण बरोबर? मॅडमना मी हेच विचारलं. त्यांच्या मते दोघंही थोडे थोडे. टेलफर्डचे रस्ते दणकट होते, पण महाग. मॅकॅडमचे स्वस्त, म्हणून सगळीकडे पसरले. आजच्या ट्रकच्या वजनाला नुसत्या १० इंच खडीवर विसंबता येणार नाही, हे उघड आहे. आणखी एका ठिकाणी मॅकॅडम चुकला. खडीचा थर एकदा घट्ट बसला की त्यातून पाणी जातच नाही, असं तो धरून चालला. लोखंडी चाकांनी खडीची भुकटी होऊन फटी भरायच्या, म्हणून त्याला तसं वाटलं. प्रत्यक्षात थोडं पाणी मुरतंच. म्हणून आता आपण डांबराखाली आणि खडीखाली जीएसबीचा निचऱ्याचा थर देतो आणि तो थेट बाजूच्या गटारापर्यंत उघडा नेतो. तो मधेच कडेच्या मातीत संपवला तर पुन्हा तीच टाकी तयार!

पण मूळ मुद्द्यावर त्याला कोणी खोटं पाडलेलं नाही. सीबीआरचा साचा आपण चार दिवस पाण्यात बुडवून का ठेवतो, हे मला तेव्हा कळलं. तोपर्यंत ती मला व्हायवात विचारायची एक कटकट वाटायची. आमच्या मातीचा आकडा न भिजवता सात आला होता, भिजवल्यावर दोन. माती तीच, साचा तोच, मधे फक्त पाणी.

१८१९ आणि १८२३ च्या संसदीय चौकशांनंतर मॅकॅडमची पद्धत देशभर गेली. १८२३ मध्ये अमेरिकेतही मेरीलँड राज्यात या पद्धतीचा पहिला रस्ता झाला. ज्या देशातून त्याला सगळं टाकून निघावं लागलं होतं तिथेच! टपालगाड्यांचा वेग वाढला, घोडे कमी लागू लागले. त्याचं आडनाव हयातीतच क्रियापद झालं. टीकाही झाली. मुलगे त्याच्याच धंद्यात शिरले आणि डझनावारी ट्रस्टची कामं एकाच घरात जाऊ लागली, तेव्हा लोकांनी घराणेशाही म्हणून बोटं मोडली. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. लंडनमधले काही फरसबंदीचे रस्ते काढून तिथे खडी टाकली, तेव्हा आवाज कमी झाला पण उन्हाळ्यात धूळ आणि हिवाळ्यात चिखल अशी तक्रार सुरू झाली. संसदेने त्याला काही रक्कम दिली. १८३४ मध्ये सर ही पदवी देऊ केली, ती त्याने वय झालं म्हणून नाकारली. मग ती त्याच्या मुलाला, जेम्सला मिळाली. तो तेव्हा लंडनभोवतालच्या टोलरस्त्यांचा सर्व्हेअर होता.

ग्लोरियाना १८२५ मध्ये वारली. १८२७ मध्ये, सत्तरीत, त्याने दुसरं लग्न केलं. नवरी अ‍ॅन डीलान्सी, तीही न्यूयॉर्कच्या जुन्या राजनिष्ठ घराण्यातली. इंग्लंडमध्ये हॉड्सडन इथे घर केलं होतं, पण दर उन्हाळ्यात तो स्कॉटलंडला जायचाच. १८३६ ला असाच परत येताना वाटेत मॉफट गावी २६ नोव्हेंबरला गेला. वय ८०. रस्त्यावरच गेला म्हणायचं. सहा वर्षांपूर्वी, १८३० मध्ये, लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली होती, आणि पुढच्या काही वर्षांत त्याच्या सुंदर रस्त्यांवरच्या टपालगाड्या एकेक करून बंद पडल्या.

नावाचं पुढे काय झालं ते मजेशीर आहे. नंतरच्या लोकांनी खडीत भुकटी घातली, वरून पाणी मारलं, रोलर फिरवला आणि त्याला वॉटर बाउंड मॅकॅडम म्हटलं. ज्याने आयुष्यभर रस्त्यापासून पाणी दूर ठेवलं त्याच्या नावाआधी वॉटर! मग मोटारी आल्या. रबरी टायर खडीतली भुकटी खेचून उडवू लागले, धुळीने लोक हैराण. १९०१ मध्ये इंग्लंडात हूली नावाच्या सर्व्हेअरला एका कारखान्याजवळ डांबराचं पिंप सांडलेलं दिसलं, कोणीतरी त्यावर भट्टीतली मळी टाकली होती आणि तेवढाच तुकडा धूळमुक्त, गुळगुळीत होता असं सांगतात. १९०२ मध्ये त्याने पेटंट घेतलं आणि टारमॅक जन्माला आला. विमानतळावर आपण टारमॅक म्हणतो त्यातला मॅक हाच.

असो. आमच्या प्रोजेक्टकडे येते.

पुढच्या आठवड्यात आम्ही डंपी लेव्हल घेऊन पावसात आमच्याच रस्त्यावर उभे राहिलो. मेसच्या गच्चीचे दोन पाइप थेट रस्त्याच्या कडेला उघडे सोडलेत. रस्त्याला दोन्हीकडे सिमेंटचा कर्ब, त्याला एकही तोंड नाही. कर्बच्या पलीकडे चांगलं बांधलेलं गटार, पावसातही जवळजवळ कोरडं. लेव्हल घेतली तर त्या जागी गटाराचा तळ रस्त्याच्या सगळ्यात खोल जागेपेक्षा ११ सेंटिमीटर वर! म्हणजे पाण्याने चढून जावं अशी अपेक्षा होती. ते कोणी बांधलं ते मी विचारलं नाही. आमच्या पहिल्या अहवालाप्रमाणे बांधलं असतं तर नव्या इमारतीपुढेही हेच झालं असतं, फक्त जास्त जाड.

दुसऱ्या अहवालात पहिली चौदा पानं पाण्याची आहेत. जोत्यापासून बाहेर उतार, गच्चीचे पाइप बंद नळीतून गटारात, वरच्या अंगाला टेकडीचं पाणी अडवायला वेगळा चर, गटाराच्या तळाची लेव्हल आधी आणि रस्त्याची नंतर, सोलिंगच्या जागी निचऱ्याचा थर, आणि खड्ड्यात मुरूम टाकू नये असा एक ठळक परिच्छेद. पेव्हमेंटची जाडी मात्र आम्हाला वाटलं तेवढी कमी झाली नाही. निचरा चांगला केला तरी डिझाइन भिजलेल्या सीबीआरवरच करायचं, यावर मॅडम ठाम होत्या. नव्या इमारतीचा अहवाल मंजुरीला गेला आहे. जुन्या रस्त्याचं गटार खोल करण्याचा खर्च मोठा, त्याची फाइलही त्याच टेबलावर आहे. तात्पुरतं म्हणून डिसेंबरात दोन कामगारांनी छिन्नी-हातोड्याने कर्बला तीन तोंडं पाडली, आणि खोल भागात खडी टाकून रस्ता गटारापेक्षा वर उचलला.

फेब्रुवारीत अवकाळी पाऊस झाला. मी लेखाची वही घेऊन मेसमध्ये गेले होते. मावशी मागच्या दारात उभ्या होत्या. दोन तोंडांतून पाणी खळखळ गटारात चाललं होतं, तिसऱ्यासमोर तळं साचलं होतं. मी लेव्हलमध्ये काय चुकलं असेल याचा विचार करत होते, तोवर मावशींनी चपला काढल्या, पदर खोचला, भिंतीचा आधार घेत तिथवर गेल्या आणि त्या भोकात अडकलेली दुधाची रिकामी पिशवी ओढून काढली. डाव्या हाताने. उजवा अजून पावसात दुखतो म्हणाल्या.